ग्लोव्हबॉक्स नसताना पेरोव्स्काइटची फिल्म कोणत्या पद्धतीने करावी?

एम.एस्सी.चा प्रकल्प, मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटची (सौर सेलमध्ये प्रकाश शोषणारा स्फटिकी पदार्थ) फिल्म, हाताशी स्पिन कोटर (काच गरगर फिरवून द्रावण पसरवणारं यंत्र) आणि हॉटप्लेट, ग्लोव्हबॉक्स (कोरड्या, निष्क्रिय वायूची बंद पेटी) नाही. तेव्हा एक टप्पा, दोन टप्पे, ब्लेड की व्हॅक्यूम, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: दोन टप्प्यांनी सुरुवात करा.

एका टप्प्यात (दोन्ही घटक एकाच द्रावणातून) सगळं अँटीसॉल्व्हंट, म्हणजे पेरोव्स्काइट न विरघळवणारा आणि स्फटिक एकदम सुटवणारा द्रव, कधी टाकता त्यावर ठरतं. डीएमएफ आणि डीएमएसओ या सॉल्व्हंटांच्या 4:1 मिश्रणाच्या 1 मिलीत 599 मिग्रॅ लेड आयोडाइड आणि 207 मिग्रॅ एमएआय, म्हणजे मिथाइलअमोनियम आयोडाइड (सुमारे 1.3 मोलर), पीटीएफई फिल्टरने गाळून. 4000 आरपीएमवर 30 सेकंद. आठव्या ते बाराव्या सेकंदाच्या दरम्यान 150 मायक्रोलिटर क्लोरोबेंझीन एका धारेत, मग 100 अंश सेल्सिअसला 10 मिनिटं. डीएमएसओ लेड आयोडाइडला धरून ठेवतो, म्हणून एवढी तरी सवड मिळते. उशीर झाला की सुईसारखे स्फटिक आधीच वाढलेले असतात: फिल्म करडी, धुरकट, भोकाभोकांची, आणि सेल शंट (आतून शॉर्ट). फिल्म चकवरच (कोटरच्या फिरत्या चकतीवरच) धुरकट दिसली तर हॉटप्लेटचं तापमान बदलत बसू नका, वेळ बदला. पावसाळ्यात कोकणपट्टीत आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते, तेव्हा तर ही पद्धत फारच छळते. तरीही करायचीच असेल तर क्लोरोबेंझीनऐवजी इथाइल अॅसिटेट वापरा; फिल्मजवळचा ओलावा ते बऱ्यापैकी ओढून घेतं.

दोन टप्प्यांत क्षण गाठायची कटकट नाही. लेड आयोडाइड डीएमएफमध्ये 70 अंशांवर विरघळवा आणि कोमट असतानाच स्पिन करा, गार झालं की ते खाली बसतं. फिल्म 70 अंशांवर वाळवून गार होऊ द्या. त्यावर आयसोप्रोपेनॉलमधलं एमएआय (मिलीला 40 मिग्रॅच्या आसपास) ओता, 20 सेकंद थांबा, स्पिन करा, 100 अंशांवर तापवा. इथला दोष वेगळा: वरचा थर आधी पेरोव्स्काइट होतो, फुगून जवळपास दुप्पट होतो आणि खालच्या लेड आयोडाइडची वाट बंद करतो. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) पेरोव्स्काइटच्या 14.1 अंशांच्या शिखराशेजारी 12.7 ला लेड आयोडाइडचं शिखर दिसलं तर हेच झालंय. लेड आयोडाइडच्या द्रावणात थोडा डीएमएसओ घातला की थर कमी स्फटिकी राहतो आणि रूपांतर आतपर्यंत पोचतं.

ब्लेड कोटिंग (पात्याने द्रावण पसरवणं) मोठ्या काचेसाठी. स्पिनमध्ये बहुतेक द्रावण कडेने उडून जातं, ब्लेडमध्ये ते वाचतं. पण वाळवायला नायट्रोजनचा सपाट झोत लागतो, नाहीतर पट्टे उमटतात. व्हॅक्यूमच्या (निर्वातात वाफेने थर बसवायच्या) वाटेला सध्या जाऊ नका: एमएआयची वाफ सरळ रेषेत न जाता चेंबरभर पसरते, त्यामुळे थराची जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ सेन्सरच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. ती पद्धत खडबडीत सिलिकॉनवर टँडेम (एकावर एक दोन सौर सेल) करणाऱ्यांच्या कामाची.

आणि हो, पातळ नायट्राइल हातमोज्यांतून डीएमएफ लवकर झिरपतं, डीएमएसओ तर सोबतचं शिसं कातडीतून आत नेऊ शकतं. थेंब पडला की मोजे लगेच बदला. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये नाही, शिशाच्या कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत.