वाचकांचे प्रश्न : मोठ्या शक्तीचा ड्युप्लेक्सर लहान का होत नाही?

प्रश्न : मी दूरसंचार उपकरणांच्या जुळणी विभागात काम करतो. ९०० मेगाहर्ट्झच्या बेस स्टेशनमधला ड्युप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावरचे प्रेषण आणि ग्रहण वेगळे ठेवणारी दोन फिल्टरांची पेटी, हा रेडिओच्या सर्वांत जड भागांपैकी एक असतो. मोबाइलमध्ये हेच काम तांदळाच्या दाण्याएवढी चिप करते. मग टॉवरवर ॲल्युमिनियमचा एवढा ठोकळा कशासाठी? तो लहान करता येत नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : करता येतो, पण किती आणि कोणत्या मार्गाने, हे शक्तीवर अवलंबून असते. ४जी मोबाइल जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्ती प्रक्षेपित करतो. बेस स्टेशनच्या एकेका अँटेना पोर्टवर ४० वॅट असणे ही नेहमीची गोष्ट आहे. चिपमधल्या फिल्टरमध्ये दोन डेसिबल (शक्तींच्या गुणोत्तराचे माप) तोटा झाला, तरी मोबाइलचे फारसे बिघडत नाही. तोच तोटा ४० वॅटवर झाला, तर जवळपास १५ वॅट उष्णता काही चौरस मिलिमीटरच्या स्फटिकात साठेल आणि तो फिल्टर टिकणार नाही.

ड्युप्लेक्सरपुढचे काम मुळात अवघड आहे. भारतातल्या ९०० च्या पट्ट्यात मोबाइल ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करतो आणि टॉवर ९३५ ते ९६० वर. दोन्ही दिशांची वाहतूक एकाच अँटेनावरून, एकाच वेळी चालते. प्रेषकाकडून ४० वॅट बाहेर पडत असताना शेजारच्या ग्राहक परिपथाला जो संदेश ओळखायचा असतो, त्याची पातळी औष्णिक गोंगाटाच्या जवळपास असते. ५ मेगाहर्ट्झच्या वाहिनीसाठी हा गोंगाट म्हणजे एका पिकोवॅटचा सुमारे पन्नासावा भाग. या दोन पातळ्यांमध्ये १५३ डेसिबलचे अंतर आहे, आणि दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा आहे फक्त २० मेगाहर्ट्झ. तेवढ्या जागेत फिल्टरचा उतार ८० डेसिबल किंवा त्याहूनही खाली न्यावा लागतो.

आता आकाराकडे येऊ. असा फिल्टर म्हणजे धातूच्या पोकळ्यांची रांग असते. प्रत्येक पोकळीत एक दांडा, वर झाकण आणि झाकणातून आत उतरणारा ट्यूनिंग स्क्रू. ९५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ८ सेंटिमीटर भरते. दांड्याचे टोक आणि झाकण यांच्यातली फट कमी करून धारिता वाढवली, की ४ सेंटिमीटरचा दांडाही त्याच वारंवारतेला अनुनादतो. उंची निम्मी झाली, परंतु पोकळी जेवढी लहान होते, तेवढा तिच्यात साठलेल्या ऊर्जेच्या मानाने भिंतींतला अपव्यय वाढतो, म्हणजेच तिचा क्यू (साठलेली ऊर्जा आणि अपव्यय यांच्या गुणोत्तराचा आकडा) घसरतो. ९०० मेगाहर्ट्झला प्रवाह चांदीच्या मुलाम्याच्या वरच्या दोनेक मायक्रॉनमध्येच वाहतो, त्यामुळे मुलामा अधिक जाड देऊन हे नुकसान भरून निघत नाही.

सहा पोकळ्यांच्या आणि २५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या फिल्टरचा क्यू ३००० असेल, तर पट्ट्याच्या मध्यावर तोटा अर्ध्या डेसिबलच्या आसपास राहतो. क्यू १५०० झाला की तो दुप्पट होतो. प्रेषणाच्या बाजूला याचा अर्थ असा की ४० वॅटमागे सव्वाचार वॅटऐवजी आठ वॅटहून अधिक उष्णता त्या पेटीतून बाहेर काढावी लागते. चार पोर्टच्या रेडिओत हा फरक १५ वॅटच्या पुढे जातो, म्हणजे ड्युप्लेक्सरमध्ये वाचवलेले वजन उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या रूपाने परत येते. ग्रहणाच्या बाजूला तर प्रवर्धकाच्या आधीचा प्रत्येक डेसिबल थेट संवेदनशीलतेतून वजा होतो. शहरी परिसरात संदेशाची शक्ती अंतराच्या साडेतीन घाताने घटते असे धरले, तर अर्धा डेसिबल गमावल्यावर टॉवरच्या कक्षेतले क्षेत्रफळ सुमारे ६ टक्क्यांनी आक्रसते. एवढी किंमत देऊन मिळवलेला लहानपणा मला तरी पटत नाही.

माझ्या मते खरी बचत पोकळ्या लहान करण्यात नाही, त्यांची संख्या कमी करण्यात आहे, आणि त्यासाठीचे साधन म्हणजे क्रॉस-कपलिंग. रांगेत लगत नसलेल्या दोन पोकळ्या, उदाहरणार्थ पहिली आणि तिसरी, एकमेकींना थेट जोडल्या, की एका विशिष्ट वारंवारतेला दोन्ही वाटांनी आलेले संदेश परस्परांना रद्द करतात आणि तिथे फिल्टरच्या आलेखात खोल खड्डा पडतो. हे तंत्र १९७० च्या दशकात उपग्रहांच्या फिल्टरांसाठी कॉमसॅट प्रयोगशाळेत आतिया आणि विल्यम्स यांनी पद्धतशीर मांडले. असे खड्डे नेमके शेजारच्या पट्ट्यावर पाडले, तर आठ पोकळ्यांचे काम सहांत भागू शकते; पेटी लहान होते आणि पोकळ्या घटल्यामुळे तोटाही कमी होतो.

इथे एक बारकावा आहे. ग्रहणाच्या फिल्टरला वरच्या बाजूचा पट्टा रोखायचा असतो. त्यासाठी पोकळ्यांमधल्या भिंतीत खिडकी ठेवून साधलेले चुंबकीय कपलिंग पुरते. प्रेषणाच्या फिल्टरला मात्र खालचा पट्टा रोखायचा असतो, आणि त्यासाठी लागते विद्युत कपलिंग, म्हणजे टेफ्लॉनच्या आधारावर दोन पोकळ्यांमध्ये अधांतरी बसवलेली छोटी धातूची कांडी. जिथे शक्ती सर्वाधिक, तिथेच ही नाजूक रचना येते. कांडीच्या टोकांशी विद्युत क्षेत्र तीव्र असते आणि तिची उष्णता भिंतीपर्यंत सहज पोहोचत नाही. म्हणून तिची टोके गोलसर करावीत आणि ती शक्यतो अशा पोकळ्यांमध्ये ठेवावी जिथे साठलेली ऊर्जा तुलनेने कमी आहे.

क्षेत्राचा हिशेब करताना सरासरी शक्ती धरू नये. २० वॅटचे चार वाहक (संदेश वाहून नेणाऱ्या लहरी) एकत्र आले की सरासरी ८० वॅट होते, पण चारही एकाच कलेत येतात, म्हणजे त्यांची शिखरे जुळतात, त्या क्षणी शिखर ३२० वॅटवर जाते. दांड्याच्या टोकाशी असलेली एक-दोन मिलिमीटरची फट त्या क्षणी तग धरली पाहिजे. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि ठिणगी तेवढी लवकर पडते. तिथे जाणारा ड्युप्लेक्सर कमी दाबाच्या कक्षात तपासल्याशिवाय पाठवू नये.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत ड्युप्लेक्सरचे सगळे आलेख बरोबर येतात, तरी पिमच्या चाचणीत तो नापास होतो. फिल्टर उत्तम असताना असे का घडावे?
– एक अभियंता, नाशिक

उत्तर : पिम, म्हणजे दोन वाहकांच्या मिश्रणातून निष्क्रिय भागांतच जन्मणारा नवा संदेश, फिल्टर अडवू शकत नाही, कारण तो अनेकदा अँटेनाच्या पोर्टवर किंवा दोन फिल्टर जिथे एकत्र येतात त्या सांध्यावरच तयार होतो. ९३६ आणि ९५८ मेगाहर्ट्झचे वाहक घ्या. पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की ९१४ उरतात, आणि ते थेट ग्रहणाच्या पट्ट्यात पडतात. तिथून पुढे ग्रहणाचा फिल्टर त्यांना अडथळ्याविना आत घेतो, कारण त्याचे कामच ते आहे. २० वॅटच्या दोन वाहकांखाली उणे १५३ डीबीसी (वाहकाच्या तुलनेत तेवढे डेसिबल खाली) ही मागणी नेहमी केली जाते. म्हणजे हा संदेश एका पिकोवॅटच्या शंभराव्या भागाहून मोठा असता कामा नये.

दोष बहुधा यांत्रिक असतो. झाकणाचे स्क्रू कमी-जास्त आवळलेले, ट्यूनिंग स्क्रूची लॉकनट सैल, चांदीच्या मुलाम्याखाली निकेल, यंत्रणकामातला ॲल्युमिनियमचा कीस पोकळीच्या कोपऱ्यात राहिलेला, किंवा कनेक्टरच्या सोल्डरला बारीक तडा गेलेला. दोन्ही वाहक चालू ठेवून पेटीवर रबरी हातोडीने हलके ठोकत जावे. ज्या जागी वाचन उसळते, तिथला सांधा आधी उघडून पाहावा. झाकण परत बसवताना स्क्रू टॉर्क रेंचने, मधल्यापासून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळावेत.

प्रश्न : ५जी आल्यावर ड्युप्लेक्सर कालबाह्य होणार, असे वर्गात सांगितले गेले. हे खरे आहे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरते खरे आहे. तिथे प्रेषण आणि ग्रहण आळीपाळीने होते, म्हणून ड्युप्लेक्सरऐवजी सर्क्युलेटर (संदेशाला एकाच दिशेने पुढच्या पोर्टकडे वळवणारा भाग), स्विच आणि एक फिल्टर पुरतो. परंतु भारतात ५जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालते, आणि तिथे ७०३ ते ७४८ व ७५८ ते ८०३ या दोन पट्ट्यांमध्ये फक्त १० मेगाहर्ट्झ जागा आहे. ९०० मध्ये जी जागा मिळते, तिच्या निम्मी. शिवाय तरंगलांबी जास्त आणि पट्टे रुंद. त्यामुळे सर्वांत कठीण ड्युप्लेक्सर ५जीनेच मागितले आहेत, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.