छोट्या कॅबिनेटसाठी ग्राफिक्स कार्ड घेताना फक्त लांबी पाहून चालेल का?

तुमचं कॅबिनेट कूलर मास्टरचं एनआर२००. त्यात ३३० मिलिमीटरपर्यंतचं कार्ड मावतं, म्हणून ३०४ मिलिमीटरचं बिनधास्त मागवू का, असं तुम्ही विचारलंय. थोडं थांबा. लांबी सगळेच मोजतात. गाडी अडते ती जाडी आणि उंचीपाशी.

एनव्हिडिया कंपनीचं २०१६ चं जीटीएक्स १०८० हे कार्ड दोन स्लॉटचं होतं, म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या दोन खाचांइतकं जाड, वीज १८० वॅट. २०२२ चं आरटीएक्स ४०९० तीन स्लॉटचं, ४५० वॅट. आजचं असं कार्ड खोललं तर आतला सर्किट बोर्ड बहुतेक वेळा आखूडच निघतो. बाकी सगळा पसारा हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या पात्यांचा. जेवढे वॅट आत जातात तेवढी उष्णता बाहेर काढावीच लागते, आणि पाती कमी केली की पंखे जोरात फिरून आवाज करतात. एनव्हिडियाने आरटीएक्स ५०९० मध्ये बोर्ड छोटा करून मधोमध बसवला आणि दोन्ही पंख्यांची हवा आरपार सोडली, म्हणून ५७५ वॅटचं कार्ड दोन स्लॉटमध्ये मावलं. मला ते काम फार आवडतं. पण ती गरम हवा शेवटी तुमच्या कॅबिनेटमध्येच येते, तेव्हा वरच्या जाळीवर पंखे हवेतच.

आता उंची. माझ्या आधीच्या कॅबिनेटमध्ये कार्ड अगदी मापात बसलं, पण बाजूची काच लागेना. पॉवर केबल कार्डाच्या वरच्या कडेतून उभी निघते, ती मी मोजलीच नव्हती. काच दाबून स्क्रू लावायचा मोह झाला, पण लावला नाही. नव्या कार्डांच्या बारीक पिनांच्या पॉवर कनेक्टरपासून साधारण ३५ मिलिमीटर केबल सरळ ठेवून मगच वळवायची असते. कनेक्टर पूर्ण आत गेला नाही तर तो वितळू शकतो. ४०९० च्या बाबतीत तसं घडलेलं आहे. शेवटी काच काढून जाळीचा पत्रा लावला.

म्हणून कार्डाच्या खोक्यावर ‘एसएफएफ-रेडी’ (छोट्या कॅबिनेटला चालणारं) लिहिलंय का बघा. २०२४ मध्ये एनव्हिडियाने ठरवलेली मापं अशी: लांबी ३०४, जाडी ५० म्हणजे अडीच स्लॉट, आणि केबलच्या वळणासकट उंची १५१ मिलिमीटर. वळण धरलंय, हे महत्त्वाचं.

तरी मागवण्याआधी एक कराच. त्या मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा चिकटपट्टीने बनवा आणि आत घालून बघा. एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरी कुठे येतात, खालच्या पंख्यांना किती जागा उरते, झाकण लागतं का, सगळं पाच मिनिटांत कळतं.

पुढेमागे रायझर केबलचं (कार्ड मदरबोर्डपासून दूर बसवून केबलने जोडायचं) कॅबिनेट घेतलंत आणि स्क्रीन काळीच राहिली, तर कार्ड परत पाठवायची घाई करू नका. केबल जुन्या पिढीची असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कार्डाच्या जोडणीचा वेग कमी करून पीसीआयई जेन ३ करून बघा.

एसएमपीएस किती वॅटचा आहे ते कळवा, मग कोणतं कार्ड ते सांगतो.