बांधाशेजारच्याने रात्रीत द्राक्षाचे घड कापून नेले. वेलीवरचा माल स्थावर असतो म्हणे, मग ही चोरी कशी? (तासगाव, जि. सांगली)

हो, ही चोरीच आहे. वेलीला लटकलेला घड जमिनीशी जोडलेला, म्हणून तोवर तो जंगम मालमत्ता नाही, इतकंच तुम्हाला सांगणाऱ्याचं बरोबर. पण कात्री लागून घड देठापासून सुटला की तो जंगम झाला, आणि लबाडीच्या हेतूने केलेलं ते तोडणं हेच चोरीसाठी लागणारं ‘हलवणं’ धरलं जातं. क्रेट बांधाबाहेर जायचीही गरज नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ च्या स्पष्टीकरणांतच हे आहे (१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुन्या दंड संहितेचं कलम ३७८), आणि तिथलं उदाहरण दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड तोडण्याचं आहे. दुसरं, कायदा मालकी नव्हे, ताबा बघतो. बाग खंडाने केली असेल, सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल, तरी ताबा तुमचा असल्याने तक्रार तुम्हीच करू शकता. वर्षभर छाटणी-फवारणीत राबलेल्या माणसाने ‘हा दिवाणी मामला’ ऐकून परत फिरू नये.

मात्र हेतू अप्रामाणिक हवा. बांधाचा वाद खरोखर चालू असेल आणि ती ओळ आपलीच असं शेजाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर चोरी सिद्ध होणं अवघड. तेव्हा आधी मोजणी करून घ्या. तक्रारीत मालाची किंमत नक्की लिहा: ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे, तिथे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.