गाडीवाल्यांचे प्रश्न : पद्मिनीचा हँड गिअर आणि एक छोटासा बुश

प्रश्न : नमस्कार सर, आमच्याकडे बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, हँड गिअरवाली, म्हणजे गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी. गेलं वर्षभर गिअरची दांडी फार ढिली झालीये, न्यूट्रलमध्ये चांगली चार बोटं वरखाली हलते आणि सेकंडमधून थर्ड टाकताना मधेच अडकते, मग बॉनेट उघडून खालची लिव्हर हाताने सोडवायची. मागच्या आठवड्यात भर बाजारात अडकली, मागे एसटी हॉर्न मारतेय आणि मी बॉनेटमध्ये वाकलेलो. इथले मेकॅनिक म्हणतात सांध्यांतले बुश (पिनवर बसणाऱ्या छोट्या नळ्या) संपलेत, आता मिळत नाहीत, फ्लोअर गिअर करून टाका. बाबा अजिबात तयार नाहीत. बुश बनवून घेता येतो का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बाबांचं ऐका. नक्की बनवून घेता येतो, आणि सांगलीत बसून तुम्ही हा प्रश्न विचारताय, तासाभरावर कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, लेथवर असला बुश काढणारी माणसं तुम्हाला तिथे गल्लीगल्लीत भेटतील. फ्लोअर गिअर करायचा म्हणजे चांगला पत्रा कापायचा, आणि मूळ रोग काय तर दोन-तीन सांध्यांतला झिजलेला बुश. त्यासाठी चाळीस वर्षांची गाडी कापू नका, कळकळीने सांगतोय.

आधी दांडी का अडकते ते समजून घ्या. हँड गिअरमध्ये दांडीच्या दोन हालचाली असतात, एक स्वतःकडे-पलीकडे, म्हणजे कुठल्या जोडीतला गिअर हवा ते निवडायचं, आणि दुसरी वरखाली, म्हणजे तो प्रत्यक्ष टाकायचा. या हालचाली स्टिअरिंगच्या बाजूने खाली उतरतात आणि लिव्हर, रॉड असं करत गिअरबॉक्सला पोचतात. वाटेत प्रत्येक सांध्यात अर्धा-अर्धा मिलीमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, धरला तरी सहा सांध्यांचा तीन मिलीमीटर होतो आणि दांडीच्या टोकाला तोच चार बोटं दिसतो. निवडायची हालचाल अर्धवट राहिली की लिव्हर ना या जोडीत ना त्या जोडीत, मधेच फसते. आणि गिअर पूर्ण न बसता चालवत राहिलात तर आतले दात गोल होतात, तो खर्च खरा मोठा, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

अजून एक, बुशच्या मागे लागण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग रबर तपासा. स्टिअरिंग बॉडीला घट्ट असतं आणि गिअरबॉक्स इंजिनबरोबर हलतो, रबर दबून गेलं असेल तर नवे बुश टाकूनही दांडी अडकणारच.

आता मुख्य काम. मी माझ्या पद्मिनीचा सांधा खोलला तेव्हा स्प्लिट पिन काढल्यावर बुश अख्खा निघालाच नाही, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे तुकडे हातात आले. पिन पुसून नख फिरवलं तर मधे चक्क पायरी लागली. इथेच बहुतेकांचं चुकतं, ते झिजलेला नमुना लेथवाल्याच्या हातात देतात आणि असाच बनवा म्हणतात, मग तो बिचारा झिजलेल्याचीच हुबेहूब कॉपी काढून देतो आणि प्ले आहे तिथेच राहतो. नमुना देऊ नका, माप द्या. पिनचं माप वॉशरखाली झाकल्या गेलेल्या कडेला घ्या, तिथे ती मूळ जाडीची असते. माझी पिन कडेला ९.९८ मिलीमीटर होती आणि मधे ९.६२. भोक व्हर्नियरने उभं-आडवं दोन्हीकडून मोजा, माझं एकीकडे १२.३ आणि दुसरीकडे १२.९ निघालं, म्हणजे लंबगोल झालेलं. गोल बुश लंबगोल भोकात ठोकला तर महिन्याभरात सैल होणार, त्यामुळे भोक आधी १३चा रीमर फिरवून गोल करून घेतलं, पिन ईएन-८ पोलादाच्या सळीतून नवी १०ची काढली आणि बुश बाहेरून १३.०५, म्हणजे व्हाइसमध्ये दाबून बसेल असा. आतलं माप बुश दाबून बसवल्यावर करायचं हं, कारण दाबल्यावर आतलं भोक आवळतं. शेवटी १०.१ ठेवलं. एका बाजूला दीड मिलीमीटरची कॉलर ठेवली की लोखंडावर लोखंड घासत नाही. ही मापं माझ्या गाडीची आहेत, तुमची तुमच्या गाडीवरच घ्या. रीमर मारल्यावर भोकाभोवती चार-पाच मिलीमीटर तरी लोखंड उरलं पाहिजे, नसेल उरत तर भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडा.

मटेरियल म्हणाल तर मी डेलरिन हे कडक प्लास्टिक वापरतो. साधं नायलॉनही चालतं, पण ते ओल शोषून फुगतं आणि पावसाळ्यात दांडी जड होते, डेलरिन फारच कमी ओल घेतं. गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) टिकाऊ आहे पण त्याला ग्रीस लागतंच, आणि इंजिनची थरथर थेट दांडीत येते. पितळ स्वस्त म्हणून कोणी सुचवलं तर नको म्हणा, लवकर झिजतं.

कागदावर बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी आणि कॉलर एवढी चार मापं असलेलं साधं चित्र काढून न्या, आणि एक नाही, चार-सहा बुश एकदम करून घ्या. एका बुशसाठी मशीन लावायला लेथवाला नाखूश असतो आणि तसं म्हणणं रास्तच आहे त्याचं. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर गिऱ्हाईक होतं म्हणून दुकानदार असले पार्ट ठेवायचे, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हा जास्तीचे बुश डब्यात जपून ठेवा.

बसवल्यावर रॉडची सेटिंग नव्याने करा. आधीच्या कोणीतरी प्ले झाकायला रॉड कमी-जास्त केलेला असतो, सांधा घट्ट झाला की तीच सेटिंग चुकीची ठरते. इंजिन बंद ठेवून बाबांना दांडी हलवायला सांगा, तुम्ही बॉनेटमधून बघा, प्रत्येक गिअरला लिव्हर पूर्ण शेवटपर्यंत जातेय का आणि न्यूट्रलला मोकळी परत येतेय का. चारही गिअर आणि रिव्हर्स असे दहा-दहा वेळा टाका, मगच स्टार्टर मारा.

प्रश्न : दादा, असा गिअरचा बुश थ्रीडी प्रिंट करून लावला तर? माझ्याकडे घरी प्रिंटर आहे, पीएलए प्लास्टिक वापरतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कायमचा म्हणून लावू नका. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली एवढी गरमी सहज होते. पण तुमचा प्रिंटर दुसऱ्या कामाला फार उपयोगी आहे, लेथवाल्याकडे जायच्या आधी ०.१ मिलीमीटरच्या फरकाने तीन-चार बुश प्रिंट करा, गाडीत घालून बघा, साधारण कुठला बसतोय ते कळेल. प्रिंटचं माप थोडं पुढेमागे होतंच, म्हणून लेथवाल्याला देताना प्रिंटरच्या फाइलमधलं माप नाही, तर नीट बसलेला तुकडा व्हर्नियरने मोजून तेच माप सांगा.