अमेरिकेत घराच्या कर्जाचा हप्ता काही महिने अर्धाच भरला तर चालतं का? क्रेडिट वाचेल का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची नोकरी गेली आहे, तुमच्या एकटीच्या पगारातून घरखर्च भागवून हप्त्याचा जेमतेम निम्मा भाग निघतो, आणि काहीच न भरण्यापेक्षा अर्धा तरी भरावा, निदान आपली नियत दिसेल, असं तुम्हाला वाटतं. तुमचा हेतू अगदी प्रामाणिक आहे, पण अमेरिकेतल्या मॉर्गेजच्या हिशोबात त्याची नोंद कुठेच होत नाही. मी तिथल्या एका सर्व्हिसिंग कंपनीच्या, म्हणजे कर्जदात्याच्या वतीने हप्ते गोळा करणाऱ्या 'सर्व्हिसर'च्या, पेमेंट विभागात काम केलं आहे. असे अर्धे हप्ते आले की ते कुठे जाऊन पडतात, हे रोज पाहिलंय. त्यामुळे पैसे पाठवण्याआधी एवढं वाचाच.

क्रेडिटच्या दृष्टीने अर्धा भरलेला हप्ता हा न भरलेलाच हप्ता असतो.

बऱ्याच जणांचा घोटाळा क्रेडिट कार्डाच्या सवयीमुळे होतो. कार्डाच्या बिलावर 'किमान देय रक्कम' असते. तेवढी भरली की खातं नियमित राहतं. मॉर्गेजला असं किमान काही नसतं. मुद्दल, व्याज आणि एस्क्रो म्हणजे मालमत्ता कर आणि घराचा विमा यांसाठी बाजूला काढलेली रक्कम, हे सगळं मिळून जो आकडा येतो तो संपूर्ण भरला तरच हप्ता आला असं धरतात. दहा डॉलर कमी पडले तरी हप्ता अपुराच.

अपुऱ्या रकमेचं सर्व्हिसर काय करतो? परत पाठवतो, कर्जात जमा करतो किंवा सस्पेन्स अकाउंटमध्ये, म्हणजे हप्ता पूर्ण होईपर्यंत पैसे नुसते बाजूला ठेवायच्या खात्यात, ठेवून देतो. तुमच्या बाबतीत यातलं काय होऊ शकतं हे तुमच्याच कागदांत लिहिलेलं असतं. घर घेताना मिळालेलं क्लोजिंग डिस्क्लोजर काढा (२०१५ च्या ऑक्टोबरपासूनच्या बहुतेक कर्जांना ते असतंच) आणि चौथ्या पानावर 'पार्शल पेमेंट्स' या मथळ्याखाली कोणत्या चौकटीवर खूण आहे ते बघा. कर्ज नंतर दुसऱ्याकडे गेलं असेल तर नव्या मालकाचं धोरण वेगळं असू शकतं, म्हणून फोन करूनही विचारा.

माझ्या पाहण्यात सस्पेन्स अकाउंटच जास्त. तिथे पडलेले पैसे तुमचेच असतात, पण ते ना व्याज कमी करतात, ना मुद्दल. २०१४ पासूनच्या केंद्रीय नियमानुसार ही रक्कम तुमच्या मासिक स्टेटमेंटवर दाखवावी लागते आणि एक पूर्ण हप्ता होईल इतकी ती साठली की हप्ता म्हणून जमा करावी लागते. ऐकायला बरं वाटतं. पण जमा होतो तो सगळ्यात जुना थकलेला हप्ता, आणि खरी मेख इथेच आहे.

समजा हप्ता २,४०० डॉलर आहे आणि तुम्ही दर महिन्याच्या १ तारखेला १,२०० पाठवता. जानेवारीचे १,२०० सस्पेन्समध्ये गेले. फेब्रुवारीचे १,२०० आले, एकूण २,४०० झाले, आणि जानेवारीचा हप्ता जमा झाला. महिना उलटून गेल्यावर. मार्चचे पुन्हा सस्पेन्समध्ये. एप्रिलचे आले तेव्हा कुठे फेब्रुवारीचा हप्ता फिटला, म्हणजे दोन महिने उशिरा. मार्चचा फिटणार जूनमध्ये, तीन महिने उशिरा. सहा महिन्यांत तुम्ही पोटाला चिमटा काढून ७,२०० डॉलर दिलेले असतात आणि एप्रिल, मे, जून असे तीन हप्ते तरीही थकलेले असतात. क्रेडिट रिपोर्टवर ३०, मग ६०, मग ९० दिवसांची थकबाकी अशी उतरंड दिसते. तुम्ही दर महिन्याला न चुकता काहीतरी पाठवत होतात हे तिथे कुणालाही दिसत नाही.

हीच गोष्ट नोकरी-पगार शाबूत असलेल्या लोकांच्या बाबतीतही घडते, आणि ते पाहून मला फार वाईट वाटायचं. दर वर्षी एस्क्रोचा आढावा होतो, कर किंवा विमा वाढलेला असतो, हप्ता २,४०० चा २,४८० होतो. तसं पत्र येतं, ते न उघडता पडून राहतं. आपल्या बँकेच्या बिल पे मधून मात्र जुनेच २,४०० जात राहतात. पहिल्या महिन्याचे २,४०० सस्पेन्समध्ये. दुसऱ्या महिन्याचे आल्यावर त्यातून पहिला हप्ता फिटतो आणि २,३२० उरतात. तिथून पुढे तो माणूस कायम एक महिना मागे. कमी पडले होते फक्त ८० डॉलर. दर पंधरा दिवसांनी अर्धा हप्ता भरायची हौस असलेल्यांनीही सर्व्हिसरची तशी योजना आहे का हे आधी विचारावं, नाहीतर वेळेचं गणित असंच चुकू शकतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. बहुतेक कर्जांत १ तारखेनंतर साधारण १५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर लेट फी लागते. ती करारात लिहिलेली असते, बऱ्याचदा मुद्दल-व्याजाच्या ४ किंवा ५ टक्के. पण लेट फी लागली म्हणजे क्रेडिट खराब झालं असं नाही. इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, उशिराची नोंद जाते ती पूर्ण ३० दिवस उलटल्यावर. म्हणून पगार, बचत, कुणा जवळच्याकडून उसने असं करून महिना संपायच्या आत पूर्ण रक्कम जमत असेल, तर अर्धे पैसे आधी पाठवू नका. आपल्याच बचत खात्यात ठेवा आणि पूर्ण झाले की एकरकमी भरा. लेट फी जाईल, नोंद वाचेल. शेवटच्या दिवसापर्यंत मात्र थांबू नका. बिल पे मधून कधीकधी बँक टपालाने चेक पाठवते आणि चार-पाच दिवस त्यातच जातात. सर्व्हिसरच्या स्वतःच्या वेबसाइटवरून भरलेलं बरं.

ही ३० दिवसांची रेषा इतकी जपायची कारण फायको स्कोअरमध्ये, म्हणजे तुमची पत दाखवणाऱ्या आकड्यात, सुमारे ३५ टक्के वजन वेळेवर परतफेडीला असतं आणि उशिराची नोंद ७ वर्षं राहते. आजवर सगळं चोख असलेल्याचा स्कोअर अशा एका नोंदीने जास्तच घसरतो.

पण तुमचा प्रश्न काही महिन्यांचा आहे, एका महिन्याचा नाही. दर महिन्याला निम्मी रक्कम कमी पडणार असेल तर ही युक्ती पुरणार नाही. तेव्हा आधी सर्व्हिसरशी बोला, आणि हप्ता चुकायची वाट न बघता बोला. लॉस मिटिगेशन विभाग (अडचणीतल्या कर्जदारांसाठीचा विभाग) मागा, नोकरी कधी गेली, घरात आता किती येतं आणि तुम्ही किती भरू शकता हे आकड्यांत सांगा. फोरबेअरन्स, म्हणजे हप्त्यातली तात्पुरती सवलत, मिळाली तर ठरलेल्या काळापुरता हप्ता थांबतो किंवा कमी होतो. तुमच्या मनातला अर्धा हप्ता इथे खरोखर उपयोगी पडतो, कारण तो आता कराराने ठरलेला असतो. आपणहून पाठवलेले १,२०० आणि लेखी कराराखाली पाठवलेले १,२०० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

होकार देण्यापूर्वी दोन प्रश्न विचाराच, आणि उत्तरं लेखी घ्या. एक, मुदत संपल्यावर राहिलेले पैसे कसे द्यायचे: एकदम, पुढच्या काही हप्त्यांत थोडे थोडे वाढवून, की कर्जाच्या शेवटी ढकलून? एकदम द्यायचे असतील तर तुम्ही पुन्हा त्याच खड्ड्यात. दोन, या काळात ब्युरोंना काय कळवणार? कोविडच्या काळात २०२० च्या केअर्स कायद्याने, सवलत घेण्याआधी नियमित असलेलं खातं नियमितच दाखवायचं बंधन घातलं होतं. लोकांना अजून वाटतं की तसंच आहे. ते संरक्षण त्या काळापुरतं होतं. आज कर्जदात्याने काय कबूल केलंय त्यावर सगळं अवलंबून आहे.

फोन करायची भीती वाटते हे मी समजू शकतो. पण हप्ता चुकल्यावर मोठ्या सर्व्हिसरना ३६ व्या दिवसापर्यंत तुमच्याशी बोलण्याचा प्रयत्न करावाच लागतो आणि ४५ व्या दिवसापर्यंत पर्यायांचं पत्र पाठवावं लागतं. साधारणपणे १२० दिवसांहून जास्त थकल्याशिवाय फोरक्लोजरची, म्हणजे कर्जापायी घर ताब्यात घेऊन विकण्याची, कायदेशीर सुरुवात करता येत नाही, आणि त्याआधी तुमचा मदतीचा अर्ज सगळ्या कागदांसह पोचला असेल तर त्याचा निर्णय होईपर्यंत थांबावं लागतं. आणखी एक: तुमचे अर्धे पैसे स्वीकारले म्हणजे सर्व्हिसरने बाकीचा हक्क सोडला, असा समज करून घेऊ नका. बहुतेक करारांत याच्या उलट कलम असतं.

एकटीने बोलणं जड वाटत असेल तर हडची (अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची) मान्यता असलेल्या गृह-समुपदेशकाची मदत घ्या. घर वाचवण्याबाबतचा सल्ला ते मोफत देतात आणि सर्व्हिसरशी बोलताना सोबत असतात. 'आम्ही तुमचा हप्ता कमी करून देतो, आधी फी भरा' म्हणणाऱ्या कंपन्यांपासून मात्र चार हात लांब राहा. कर्जदात्याचा लेखी प्रस्ताव तुमच्या हातात येऊन तुम्ही तो स्वीकारण्याआधी अशी फी घेणं केंद्रीय नियमाने बंद आहे.

कार्डांचं किमान भरत राहा, पण त्यापेक्षा एक डॉलरही जास्त सध्या तिकडे वळवू नका. कार्डाच्या कर्जापायी घर थेट जात नाही.

आणि दर महिन्याचं स्टेटमेंट उघडून सस्पेन्सचा, कदाचित 'अनअप्लाइड फंड्स' असं लिहिलेला, रकाना बघा. पूर्ण हप्ता भरूनही पैसे तिथे दिसले तर फोनवर भांडत बसू नका. स्टेटमेंटवर चुकांच्या तक्रारीसाठी वेगळा पत्ता दिलेला असल्यास त्याच पत्त्यावर 'नोटीस ऑफ एरर' पाठवा. कर्ज क्रमांक, भरल्याची तारीख आणि बँकेचा पुरावा जोडून. त्यांना ५ कामकाजाच्या दिवसांत पोच आणि साधारण ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पत्र मिळाल्यापासून ६० दिवस त्या वादातल्या हप्त्याबद्दल ब्युरोंना वाईट नोंद पाठवता येत नाही. तिन्ही रिपोर्ट आता ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट बघता येतात. चुकीची नोंद आलीच, तर ब्युरोकडे वेगळी हरकत नोंदवा. तिची तपासणी साधारण ३० दिवसांत करावी लागते.