ट्यूबमध्ये जिग हेड आतून घालायचं की बाहेरून?

ट्यूब म्हणजे मागे झालर असलेलं पोकळ रबरी आमिष, आणि जिग हेड म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ. तुमची तक्रार अशी की हे डोकं बाहेरून लावलं तर ट्यूब दोन फेकींत नाकाशी फाटते आणि आतून घातली तर वाकडी बसते. आतूनच घाला. बाहेरून गोल डोकं लावायचं असेल तर ट्यूबवर पैसे घालवू नका, साधा शॅड (भरीव रबरी मासा) घ्या. शिसं पोटात असलं की सैल दोरीवर ट्यूब गिरक्या घेत, बुडबुडे सोडत खाली जाते. बाहेर असलं की नाक खाली करून सरळ तळ गाठते.

लांबट, सडपातळ डोक्याचं जिग घ्या. डोकं थुंकीने ओलं करा, झालरीकडून आत सरकवा, नाकाला टेकलं की दोरी बांधायची कडी दाबून प्लास्टिकबाहेर काढा, मग गळाचं टोक पाठीच्या मध्यावरून. कडी आणि टोक एका रेषेत नसेल तर ट्यूब वाकडीच दिसणार.

माझा मेव्हणा हे मानत नाही. त्याचं एकच पालुपद, रबर कोण खातो? एकदा सुकती (ओहोटी) लागताना आम्ही दोघे गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यावर गरवायला बसलो होतो, बांधावरच. (पाण्यात उतरू नका, तिथे मगरी आहेत.) त्याची जिवंत कोळंबी केंड (फुगा मासे) कुरतडून नेत होते आणि तो दर वेळी नवी लावत माझ्या डब्याकडे बघून हसत होता. मी ट्यूब खारफुटीच्या मुळांलगत टाकली आणि दोरी मुद्दाम सैल सोडली. ती खाली जाता जाताच दोरी आडवी पळाली. चोणक मासा! मेव्हण्यानेच जाळीत घेतला, तोंडातून गळही त्यानेच काढला. आणि चवथीला सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणतो काय, आत कोळंबी कोंबली होती म्हणून लागला. घरच्यांनी मानलंही, कारण एरवी मासळी तोच आणतो.

तेव्हा फेकल्या फेकल्या रील फिरवू नका. बहुतेकांचं तिथेच बिघडतं. फक्त दोरीवर नजर ठेवा, पकड उतरतानाच येते. साडेतीन-चार इंची ट्यूबला सात ग्रॅम पुरे.

हां, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी ओहोटीचा जोर असला की सात ग्रॅम वाहून जातं. तिथे बाहेरून जड डोकं चालेल, नाकाशी सुपरग्लूचा एक थेंब लावा, फाटायची थांबेल. कालवं (शिंपले) असलेल्या खडकात उघडा गळ अडकतोच, तिथे टोक प्लास्टिकमध्येच लपवा. केंड झालर तोडतात, त्याला इलाज नाही, स्वस्तातल्या ट्यूब घेऊन जा.

पोकळीत कोळंबीचा तुकडा घातला तर वास सुटतो आणि मासा तोंडात जरा जास्त वेळ धरतो, हे खरं आहे. करून बघा. पण त्या दिवशी आत शिशाशिवाय काही नव्हतं, आणि गळ ज्याने काढला त्याला ते दिसलं होतं.