डिसेंबरात मुंबईहून हिमाचलला जातोय, तिर्थन नदीत ट्राउट पकडता येईल का?

नाही, डिसेंबरात तिर्थनमध्ये गळ टाकता येणार नाही. हिमाचलच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या नियमानुसार ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, कारण ब्राउन ट्राउटची वीण ऐन थंडीतली. मादी शेपटीने वाळूगोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि वरून खडे लोटते. गार पाण्यात ती फुटायला दोन-तीन महिने सहज लागतात. तिथून बूट घालून चाललात तरी अंडी चिरडतात. वांद्रे टर्मिनसहून तिकीट काढायचंच तर मार्चचं काढा. पुढे बर्फ वितळून पाणी गढूळ होतं. परवाना मात्र तेव्हाही लागतो. नुसता खायचा असेल, तर ट्राउट फार्मवरचा मासा थंडीतही मिळू शकतो, फक्त आधी फोन करून विचारा.